सहप्रवाशांसाठी सव्वीस सूचना

आमच्या कंपनीबरोबर परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी फुकट मिळतात. एक निळी टोपी, एक निळी पिशवी आणि पिशवीत तळहाताएवढी एक पुस्तिका. टोपी लोक विमानतळावरच काढून ठेवतात. पिशवी पुढं वर्षानुवर्षं भाजी आणायला वापरतात. पनवेलच्या बाजारात पाच मिनिटं उभं राहिलं की निम्मं गाव आमच्याबरोबर जाऊन आलंय असं वाटतं. पुस्तिका कोण वाचतं, कोण जाणे. तिचं नाव 'सहप्रवाशांसाठी सव्वीस सूचना', आणि ती मी लिहिलेली आहे.

तिच्यावर माझं नाव नाही, ते बरंच आहे. कारण लिहिली तेव्हा मी महाबळेश्वरच्या पलीकडे गेले नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातला प्रकार. मालक म्हणाले होते, "आपली माणसं बाहेर जाऊन हसं करून घेतात. काय करू नये ते जरा चांगल्या मराठीत लिहून द्या." चांगलं मराठी माझ्याकडे होतं, कष्टानं कमावलेलं. पण बाहेर जाऊन माणसं कशी वागतात हे मला कुठं ठाऊक? तरी तीन दुपारी बसून मी सव्वीसच्या सव्वीस सूचना लिहिल्या, एकही खोडावी लागली नाही. मालक वाचून म्हणाले, "अगदी डोळ्यांसमोर माणूस ठेवून लिहिलंय तुम्ही." खरंच ठेवलं होतं. त्या पुस्तिकेत जे जे करू नये म्हटलंय, ते ते करणारं माणूस म्हणजे माझी आई, आणि हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आई खाडीकाठच्या गावातली कोळीण. पनवेलच्या मासळी बाजारात तिनं तीसेक वर्षं मासळी विकली. त्या धंद्याला आवाज लागतो; या टोकावरून त्या टोकाला हाक गेली नाही तर गिऱ्हाईक गेलंच. शिवाय चौकशा लागतात. घरात कोण आजारी, कोण बाळंत, सासू दात लावते की नाही, हे कळल्याशिवाय कुणाला काय द्यायचं ते कसं ठरणार? बाळंतिणीच्या घरी पचायला हलकी मुडदुशी जायची, दात नसलेल्या सासूच्या घरी बिनकाट्याचं काही तरी. आणि नियमही होते, पण ते तिचे तिचे. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानी व्हायच्या आधी कुणी मासळीला हात लावून न घेताच पुढं गेलं, की आईचा अख्खा दिवस बिघडायचा. मला तिनं लहानपणीच बजावलं होतं, "भवानी नसंल झाली तं हात लावायचा नाय. लावला तं घ्यायचा."

घरी आम्ही तिला 'आये' म्हणायचो. कॉलेजात गेल्यावर मी 'आई' म्हणायला लागले. तिनं काही विचारलं नाही, पहिल्या दिवसापासून त्या हाकेला ओ दिली.

सूचना लिहायच्या महिनाभर आधी ती माझ्या नव्या नोकरीचं ऑफिस बघायला आली होती. मालकांसाठी वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बोंबील आणले होते. काचेचा दरवाजा, एसी, आणि एसीत बोंबील. खुर्च्या रिकाम्या असून ती फरशीवर मांडी घालून बसली, कारण खुर्चीत तिचे पाय लोंबकळतात आणि गुडघे धरतात. शेजारी युरोपचं बुकिंग करायला आलेली एक बाई होती, उंची साडीतली. आईनं तिला सरळ विचारलं, "पोरा किती गो बाय तुला?" बाई म्हणाली, "नाहीत." आईनं विचारलं, "का गो?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चहा सांगायच्या निमित्तानं मी आत पळाले आणि कपाटाशी उगाच फायली लावत उभी राहिले.

त्यातूनच पुढं सूचना क्रमांक तीन आली: सहप्रवाशांना लग्न, मुलेबाळे व पगार याविषयी प्रश्न विचारू नयेत. चार: लांबून मोठ्याने हाका मारू नयेत. सात: विमानतळावर अथवा हॉटेलात जमिनीवर बसू नये. अकरा: न्याहारीच्या टेबलावरील फळे, अंडी, पाव पिशवीत भरून नेऊ नयेत. चौदा: अनोळखी मुलांना हात लावू नये, खाऊ देऊ नये. एकोणीस: ओली वा सुकी मासळी बसमध्ये आणू नये. बावीस: दुकानातील मालाला उगाच हात लावू नये. माणूस कसा असावा हे मी लिहिलं असं मला तेव्हा वाटत होतं. खरं तर आई कशी नसावी, एवढंच मी लिहीत होते.

गेल्या वर्षी मला कंपनीत वीस वर्षं झाली. मालकांनी व्हिएतनामच्या सहलीच्या दोन जागा दिल्या आणि म्हणाले, "आईंना घेऊन जा." आनंद झाला असं लिहायला हवं. पहिल्यांदा माझ्याच सव्वीस सूचना आठवल्या, हे खरं. वडील जाऊन बरीच वर्षं झालीत, सुकापूरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहतो. आईनं सत्तरी ओलांडलीय, धंदा कधीच सुटलाय. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे कार्ल्याची एकवीरा. विमानाचं ऐकून ती घाबरेल, नको म्हणेल, अशी मला आशा होती. ती म्हणाली, "जाऊ की. कवा?"

टोपी-पिशवी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावरून परतले तर दाराला कुलूप. आई तळमजल्यावरच्या भाभीकडे होती. ही भाभी आईचं जुनं गिऱ्हाईक, कोकणी मुसलमान, मुलगा आखातात नोकरीला. तीनदा विमानात बसून आलेली असल्यामुळे आमच्या बिल्डिंगमधली परदेशाची जाणकार. दोघी ग्रिलच्या गॅलरीत बसल्या होत्या. भाभी चष्मा नाकावर ओढून माझी पुस्तिका मोठ्यानं वाचत होती आणि आई, जिला अक्षरओळख सहीपुरतीच आहे, बोटांच्या पेरांवर मोजत एकेक सूचना घोकत होती.

"माशाल्ला, काय अदब शिकवलीय तुझ्या पोरीनं!" भाभी म्हणाली. "एकेक बात मोत्यासारखी."

"बारा झाल्या पाठ," आई म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. "भाभी, वाच पुढं. तेरा."

मी चावी घेऊन जिना चढले. त्या दिवसापासून मला एकच प्रश्न कुरतडायला लागला. तिनं स्वतःला ओळखलं का? चेहऱ्यावरून काही कळेना. आठवडाभरात सव्वीसही पाठ झाल्या. पोळ्या लाटताना मध्येच थांबून म्हणायची, "सतरा नंबर काय गो? रांग मोडू नये. हां." शाळेत न गेलेली बाई परीक्षेला बसल्यासारखी अभ्यास करत होती आणि पेपर मी काढला होता.

विमानतळावर चार तास ती खुर्चीत बसून राहिली. पाय लोंबकळत होते. मी म्हटलं, "पाय वर घे ना." ती म्हणाली, "नको. सात." विमानात पुढच्या सीटवर एक गुटगुटीत बाळ होतं आणि ते मागं वळून आईकडे बघून खिदळत होतं. आई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. हॉटेलात न्याहारीला आंबे होते, पपया होत्या. तिनं ताटात एक केळं घेतलं, खाल्लं, आणि पिशवीची चेन ओढून घेतली. गटात आम्ही बावीस जण होतो. तिनं एकालाही काही विचारलं नाही. हाक तर सोडाच. मला बोलवायचं झालं तर जवळ येऊन माझ्या बाहीला हात लावायची.

"तुमच्या आई किती शांत आहेत हो," डोंबिवलीच्या एक बाई म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंना आणलं असतं ना, तर गाइडला पळवून लावलं असतं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी मान ताठ झाली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा नीटशी झाली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना कुणी तरी मला विचारलं, "आई पूर्वी काय करायच्या?" आई शेजारीच बसली होती. तीन दिवस एकत्र फिरून त्या माणसांना तिच्याबद्दल एवढंसुद्धा ठाऊक नव्हतं. पनवेलच्या बाजारात तीन मिनिटांत तिनं त्यांच्या तीन पिढ्या काढल्या असत्या आणि स्वतःच्या चार सांगितल्या असत्या. मी म्हटलं, "मासळीचा धंदा होता." आई वाटीतला भात टिपत राहिली.

त्याच दुपारी आम्हाला समुद्रातून बोटीनं फिरवलं. पाण्यातून सरळ वर आलेले डोंगर, हिरवं पाणी, सगळे फोटो काढण्यात गुंग. मध्ये एके ठिकाणी तरंगत्या घरांची वस्ती लागली. एका घरासमोर जाळं वाळत घातलं होतं आणि एक म्हातारा त्याची तुटलेली वीण सांधत बसला होता. आई कठड्याला धरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. म्हाताऱ्याच्या हातातली सुई कशी चालतेय ते ती बघत होती, मान त्या सुईबरोबर खालीवर होत होती. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आता बोललं तं चालंल का?"

मी आयुष्यात बऱ्याच लोकांची बोलणी खाल्लीत. पण त्या वाक्यानं जे झालं ते कुणाच्या शिवीनंही झालं नव्हतं. मी "बोल ना" म्हणेपर्यंत बोट वळली आणि म्हातारा डोंगराआड गेला.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर ती पलंगाच्या कडेला बसून गुडघे चोळत होती. मी दार लावलं आणि विचारलं, "आई, तू पुस्तक ऐकलंस तेव्हा तुला काय वाटलं?"

"काय वाटायचं? चांगलं लिवलंस."

"खरं सांग."

तिनं गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "वलखलं मी. भाभीनं तीन नंबर वाचला तवाच वलखलं. ती युरोपवाली बाय. सात नंबर म्हंजे तुज्या हापिसात मी खाली बसली तो. अकरा, तुज्या मैत्रिनीच्या लग्नात मी लाडू बांदून आनले तो. एकोनीस म्हंजे बोंबील." तिनं पेरांवर मोजायला सुरुवात केली आणि एकेक प्रसंग काढला. काही माझ्याही लक्षात नव्हते. रागाचा लवलेश नव्हता तिच्या बोलण्यात, म्हणून मला जास्त लागत होतं.

"ती बाय रडली व्हती," ती मध्येच म्हणाली.

"कोण?"

"युरोपवाली. तू आत गेलीस चाय सांगाया. माजा हात धरून रडली. दोन पोरा पोटातच गेली व्हती तिची, कोनी इचारतच नाय बोलली. मंग माज्याकडं मासली घ्यायला यायची, मी बाजार सोडला तवापर्यंत. तुला नाय सांगितलं. ती सांगू नको बोलली."

वीस वर्षं ती सूचना मी छापत होते. किती हजार लोकांना मी सांगितलं असेल, की विचारू नका.

"मग तू का पाळलंस हे सगळं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, चिडले होते मी, आणि तिच्यावर नाही हे तिला कळत होतं. "तुला पटलं नव्हतं, ओळखलंही होतंस, तर तोंडावर फेकायचंस ना माझ्या!"

"अगो, सगली मानसा तुजं पुस्तक घेऊन आलीत. लिवनारीची आयच तसं वागली तं तुजं पुस्तक खोटं नाय पडनार?" ती म्हणाली. "मना काय, आठ दिवस गप बसायचं. तुला तिथं रोज जायचं हाय."

आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. ज्याचं चुकतं तो गुपचूप दुसऱ्याचं काम करायला घेतो. मी पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि खाली बसून तिचे गुडघे चोळायला लागले. बराच वेळ चोळले. ती म्हणाली, "पुरे गो, साल निगंल." मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या रात्री आम्ही समुद्राकाठच्या एका लहान गावात मुक्कामाला होतो. सकाळी न्याहारीआधी गाइड सगळ्यांना तिथला बाजार बघायला घेऊन गेला. आधी फुलं, मग भाज्या, मग वळण घेतलं आणि वास आला. आमच्या गटातल्या निम्म्यांनी नाकाला रुमाल लावले. मी कुणाचा तरी फोटो काढत होते. मान वर केली तर आई बाजूला नव्हती.

ती पार पुढं गेली होती, मासळीच्या रांगेत. ओल्या फरशीवर ओळीनं बायका उकिडव्या बसलेल्या, डोक्यावर गवती टोप्या, समोर पाट्या, कडेला बर्फ. आई एका म्हातारीसमोर उभी होती. डोक्यावर कंपनीची निळी टोपी, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंफलेले. शाळेतल्या मुलाला शिक्षा म्हणून उभं करावं तशी ती उभी होती. म्हातारी तिच्याशी तिच्या भाषेत काही तरी बोलत होती, मासा उचलून दाखवत होती. आई नुसती मान हलवत होती. तिच्या पाठीमागची ती गुंफलेली बोटं बघितली आणि माझ्या अंगात काय आलं मला ठाऊक नाही.

मी तोंडाशी हात धरला, ती धरायची तसा, आणि ओरडले, "आयेऽऽऽ!"

तीस वर्षांत ही हाक मी मारली नव्हती. आवाज फाटला, पण पोचला. डोंबिवलीच्या बाईंचा रुमाल खाली आला. गाइड दचकला. रांगेतल्या सगळ्या कोळणींनी, कारण त्या कोळणीच, टोप्या वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना अजिबात नवल वाटलेलं दिसलं नाही.

आई वळली. तिनं आधी मला बघितलं, मग आमच्या गटाला. घाईघाईनं तिनं हात वर केला आणि मला चार बोटं दाखवली. नंबर चार.

मी रांगेतून धावत तिच्याजवळ गेले, साडीचा काठ ओल्यात जाऊ दिला आणि तिच्या पायाशी उकिडवी बसले. तिथून वर बघून म्हटलं, "आये, हा ताजा हाय का गो?"

माझं बोलणं मोडकं निघालं, इतक्या वर्षांनी दुसरं काय होणार? तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग टोपी काढून माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि एक हात माझ्या खांद्यावर टेकत हळूच खाली बसली. बोटानं माशाचा कल्ला उचलला. आत लालभडक होता. "आज पहाटेचा हाय," ती म्हणाली. समोरची म्हातारी हसली, तिचे पुढचे दोन दात नव्हते. आईनं मराठीत विचारलं, "पोरा किती गो तुला?" आणि विचारता विचारता आपल्याच बोटांनी लहान-मोठ्या उंच्या दाखवल्या. म्हातारीनं पाच बोटं वर केली, मग त्यातलं एक हळूच मिटलं. आईनं ते मिटलेलं बोट आपल्या हातात धरलं.

थोड्या वेळानं आईचं लक्ष पाटीकडे गेलं आणि तिचा चेहरा उतरला. पाटीतल्या मासळीची रांग जशीच्या तशी होती, एकही जागा रिकामी नव्हती.

"अगो बाय, हिची भवानी नाय झालेली," ती म्हणाली. "आन मी हात लावला."

आमच्याकडे चूल नव्हती, सुरी नव्हती, हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरची खोली होती आणि अर्ध्या तासात सहा तासांच्या प्रवासाला निघायची बस.

"घे," मी म्हटलं.

"बसमदी? एकोनीस नंबर हाय तुजा."

"घे गो आये."

म्हातारीनं तो मासा दोन्ही हातांनी उचलला. मी निळी पिशवी उघडून धरली. पाणी गळत तो आत गेला, तळाशी पुस्तिका होती, ती काढायची राहून गेली.